कुणाला सोडायला जावं लागणार नाही असं घर

घर बघायला सुरुवात केली की सगळे एकच विचारतात, शहरापासून किती लांब? एजंट तेच सांगतो, नातेवाईक तेच विचारतात, जाहिरातीतही अमुक मिनिटांत स्टेशन आणि तमुक मिनिटांत हायवे एवढंच लिहिलेलं असतं. मला त्याहून एक वेगळा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. या घरातून कोण कोण एकटं बाहेर पडू शकेल? म्हणजे कुणी गाडी न काढता, कुणी हात न धरता, कुणी "थांब, मी येते सोडायला" असं न म्हणता.

आमच्या घरात तीन पिढ्या आहेत. लेक प्राथमिक शाळेत, बाबा सत्तरीच्या पुढचे, गुडघे त्रास देतात पण रोज बाहेर पडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि मधे आम्ही दोघं नोकरीवाले. अशा घरात ने-आण हे एक वेगळं कामच होऊन बसतं आणि त्या कामाचा हिशोब कुणी मांडत नाही. शाळा, क्लास, मैत्रिणीकडे खेळायला, दवाखाना, वाचनालय, प्रत्येक ठिकाणी मोठ्या माणसानं सोडायचं आणि परत आणायचं. त्यात आपला वेळ जातो तो जातोच, पण ज्याला नेलं-आणलं जातं त्याचंही काहीतरी जातं असं मला फार मनापासून वाटतं. मुलीला कुठे जावंसं वाटलं तर आधी कुणीतरी मोकळं आहे का बघायचं. बाबांना एखादं औषध हवं असेल तर ते संध्याकाळपर्यंत सांगतच नाहीत, कशाला उगाच कुणाला त्रास म्हणून. त्यांचं ते न सांगणं मला टोचतं.

इंग्लंडमधली एक पाहणी आहे, मेयर हिलमन नावाच्या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली. १९७१ मध्ये तिथली ७-८ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जायची. १९९० मध्ये त्याच वयाची फक्त ९ टक्के. एकोणीस वर्षांत! मुलं तर तशीच होती, चालायला तेवढेच पाय. बदललं ते रस्त्यावरचं ट्रॅफिक आणि त्यामुळे आईबापांच्या मनात बसलेली भीती, आणि ती भीती खोटी नव्हती. हे वाचल्यापासून मी घर बघताना कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून आधी रस्ता बघते.

आता सगळ्यात आधी नकाशाबद्दल बोलते, कारण फसवाफसवी तिथूनच सुरू होते. शाळा ४०० मीटर असं लिहिलेलं असतं, ते ४०० मीटर पक्ष्याचे असतात. माणसाला भिंत ओलांडून जाता येत नाही. मोठमोठ्या कॉम्प्लेक्सच्या कंपाउंडच्या भिंती, मागचं गेट कायम बंद, रस्ता आत जाऊन संपलेला, म्हणजे खिडकीतून शाळेचं मैदान दिसतंय आणि पायी जायला सव्वा किलोमीटरचा वळसा. ४०० मीटर म्हणजे मोठ्या माणसाची पाच मिनिटं, मुलाची सहा-सात. सव्वा किलोमीटर म्हणजे सकाळच्या घाईत गाडी निघालीच समजा. म्हणून वस्तीत गल्ल्या किती ठिकाणी एकमेकींना मिळतात ते मोजून बघावं. बार्सिलोनाच्या जुन्या विस्तारित भागात एक ब्लॉक साधारण ११३ मीटरचा, अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या मध्यवस्तीत एक ब्लॉक ६१ मीटरचा. दर मिनिटा-दोन मिनिटाला वळायची सोय असली की जाण्याचे रस्ते चार-पाच होतात, एक खणून ठेवला असेल तर दुसऱ्यानं जाता येतं, आणि चालताना कंटाळा येत नाही हेही आहेच.

बंद गल्ल्या वाईटच असं मात्र मी म्हणणार नाही. न्यूयॉर्कजवळ न्यू जर्सीत रॅडबर्न म्हणून एक वस्ती आहे, क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी आखलेली, १९२९ मध्ये तिथं लोक राहायला आले. गाड्या नुकत्याच वाढायला लागल्या होत्या आणि या दोघांनी ठरवलं की मुलानं घरातून शाळेपर्यंत एकही गाडीचा रस्ता न ओलांडता जायला हवं. त्यांनी घरांच्या एका बाजूला गाड्यांच्या छोट्या बंद गल्ल्या ठेवल्या, दुसऱ्या बाजूला बागेतून जाणारी पायवाट, आणि जिथं मोठा रस्ता आडवा येतो तिथं त्याच्या खालून चालणाऱ्यांसाठी बोगदा. लगेच महामंदी आली आणि पंचवीस हजार लोकांसाठी आखलेलं गाव छोटंसंच राहिलं. मला वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. नंतर जगभर उपनगरं बांधणाऱ्यांनी यातली बंद गल्ली तेवढी उचलली कारण ती विकायला सोपी, शांत, खासगी, आणि पायवाट सोडून दिली कारण तिच्यातून पैसा सुटत नाही. म्हणजे अर्धी कल्पना उचलली आणि नेमकी ज्या अर्ध्यासाठी सगळं केलं होतं ती टाकली. आज एखाद्या शांत बंद गल्लीतलं घर आवडलं तर मी एवढंच बघते की गल्लीच्या टोकाला माणूस आणि सायकल जाईल एवढी वाट पुढे उघडी आहे का. असेल तर फार छान जागा, गाड्या येत नाहीत आणि चालणारा अडत नाही.

यानंतर रस्ता ओलांडणं. माझं सगळं म्हणणं खरं तर इथं येऊन थांबतं. कुठलीही वस्ती चालायला किती चांगली हे तिथल्या सुंदर फुटपाथवरून ठरत नाही, मधल्या सगळ्यात वाईट चौकावरून ठरतं. दहा मिनिटांच्या वाटेत साडेनऊ मिनिटं झाडांची सावली आणि अर्धं मिनिट सहा लेनचा रस्ता, तर ते मूल एकटं जाणार नाही, आपण जाऊ देणारच नाही, आणि जाऊ देऊही नये. प्राथमिक शाळेतल्या मुलांना वेगात येणाऱ्या गाडीचा वेग नीट ताडता येत नाही, ती बेफिकीर असतात म्हणून नाही, त्यांच्या नजरेची आणि मेंदूची ती क्षमता अजून पुरी तयार झालेली नसते. त्यामुळे "आमचा मुलगा फार हुशार आहे, नीट बघून क्रॉस करतो" याच्यावर मी माझ्या लेकीला सोडणार नाही. रस्ताच असा हवा की चूक झाली तरी जीव जाऊ नये.

आणि हे वेगावर ठरतं. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते, ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडायला साधारण तेवढा एक सेकंद लागतोच, म्हणजे १४ मीटरवर मूल धावत आलं तर गाडी तोवर हळू व्हायला लागलेलीही नसते. तीच गाडी ३० वर असेल तर कोरड्या रस्त्यावर साधारण तेवढ्याच अंतरात चक्क थांबते. शिवाय धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, ३० ऐवजी ५० म्हणजे ती पावणेतीन पटीच्या वर जाते. म्हणून २०२० मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेत जाहीर केलं गेलं की जिथं चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र असतात तिथं कमाल वेग ३० असावा. स्पेननं २०२१ मध्ये शहरांतल्या एका बाजूला एकच लेन असलेल्या रस्त्यांवर ३० ची मर्यादा लावली, वेल्सनं २०२३ मध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैल केली, म्हणजे साधारण ३२. ऑस्लोमध्ये २०१९ या आख्ख्या वर्षात एकही चालणारा किंवा सायकलवाला अपघातात गेला नाही. हे आकडे मी लोकांना पुन्हा पुन्हा सांगते कारण आपल्याला वाटतं अपघात म्हणजे नशीब, तर तसं नाहीये, बराच भाग रस्ता कसा बांधलाय यावर आहे.

पण नुसती पाटी बघून भागत नाही. पाटीवर ३० लिहिलंय आणि रस्ता रुंद, सरळ, मोकळा असेल तर गाड्या ५० नं जाणारच, ड्रायव्हर पाटीपेक्षा रस्त्याचं ऐकतो. मी बघते की रस्ता अरुंद आहे का, कोपरे कसे आहेत. कोपरा मोठा गोलाकार असला की गाडी वेग कमी न करता वळते, काटकोनी असला की तिला हळू व्हावंच लागतं. फुटपाथ क्रॉसिंगपाशी थोडा पुढे आलेला असेल तर ओलांडायचं अंतर कमी होतं. आणि कोपऱ्यावर गाड्या पार्क केलेल्या असतील तर मुलाला येणारी गाडी दिसत नाही आणि ड्रायव्हरला मूल दिसत नाही. न्यूयॉर्कच्या नदीपलीकडे होबोकेन नावाचं दाटीवाटीचं छोटं शहर आहे, तिथं त्यांनी क्रॉसिंगच्या अगदी जवळचं पार्किंग काढून टाकलं, कुठे खांब लावले, कुठे झाडं, कुठे सायकली लावायची जागा केली, त्याच्या जोडीला वेगमर्यादा कमी केली, आणि जानेवारी २०१७ नंतर निदान सात वर्षं त्या शहराच्या रस्त्यांवर एकही अपघाती मृत्यू झाला नाही. कोपऱ्यावरची एक-दोन गाड्यांची जागा. एवढी साधी गोष्ट आहे ही, आणि तरी ती करायला किती ठिकाणी विरोध होतो!

नेदरलँड्सचं नाव घेतलं की लोक म्हणतात ते काय, त्यांच्याकडे पहिल्यापासून सायकली. पहिल्यापासून वगैरे काही नाही. १९७१ मध्ये त्या छोट्याशा देशात चारशेहून जास्त मुलांचा रस्त्यावरच्या अपघातांत जीव गेला होता. आईबाप रस्त्यावर उतरले, "मुलांच्या हत्या थांबवा" अशा अर्थाचं नाव घेऊन त्यांनी आंदोलन केलं, रस्ते अडवले, रस्त्यात बसून मुलांना खेळायला लावलं. त्याच सुमारास डेल्फ्ट गावात घरांपुढच्या गल्ल्या अशा बदलल्या गेल्या की गाडी येऊ शकते पण चालत्या माणसाच्या वेगानं, फरशी सगळीकडे एकसारखी, मधेच झाड, मधेच बाक, आणि १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना कायद्यात जागा मिळाली. ते बघून वाटतं की चालण्याजोगी वस्ती आपोआप होत नाही, कुणीतरी तिच्यासाठी भांडलेलं असतं. घर बघताना म्हणून मी तिथल्या लोकांना हेही विचारते की इथं रस्त्यासाठी, क्रॉसिंगसाठी कुणी काही मागणी वगैरे करतं का. जिथं लोक असं काही करतात तिथं राहायला मला आवडेल.

ट्रॅफिकचं अजून एक आहे जे अपघातांच्या आकड्यात येत नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत तीन सारख्याच वाटणाऱ्या रस्त्यांचा अभ्यास केला. एकावरून दिवसाला २००० गाड्या जायच्या, एकावरून साधारण ८०००, एकावरून १६०००. कमी गाड्यांच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, जास्त गाड्यांच्या रस्त्यावर एकसुद्धा भरत नव्हता. लोकांना नकाशावर "तुमचं घर कुठपर्यंत" असं दाखवायला सांगितलं तर शांत रस्त्यावरच्यांनी जवळजवळ आख्खी गल्ली दाखवली आणि गजबजलेल्या रस्त्यावरच्यांनी आपापल्या इमारतीपुरतं. मी हे वाचलं तेव्हा बाबांचा विचार मनात आला. या वयात नवीन जागी जायचं म्हणजे सगळी ओळखीची माणसं सोडून जायचं, आणि नवीन ओळखी फोनवर होत नाहीत, त्या रोज त्याच वेळी त्याच वाटेनं जाताना होतात. समोरच्या बाजूचा माणूस जर सोळा हजार गाड्यांच्या पलीकडे असेल तर त्याला नुसता हात करणंही होत नाही.

बरं, फुटपाथ उत्तम, गाड्या हळू, सगळं झालं. पण जायचं कुठे? हे फार ठिकाणी बघितलंय मी, नव्या उपनगरांत लांबच लांब फुटपाथ, दिवे, झाडं, आणि चालत राहिलं तर घरं, अजून घरं, पुढे पण घरंच. सकाळी फिरायला ठीक आहे. पण चालणं रोजच्या जगण्यात यायचं असेल तर वाटेच्या टोकाला काम हवं, किराणा, औषधं, शाळा, वाचनालय, दवाखाना, बाग, केस कापायचं दुकान. १९२९ मध्येच क्लॅरेन्स पेरी यांनी न्यूयॉर्कच्या परिसरासाठी एक आराखडा मांडला होता, मधोमध प्राथमिक शाळा, कुठल्याही घरापासून ती पाव मैलाच्या आसपास, वाहते मोठे रस्ते वस्तीच्या कडेनं, आणि दुकानं कोपऱ्यांवर जिथं शेजारच्या वस्तीचे लोकही येतील. यात एक साधा व्यवहार आहे. कोपऱ्यावरचं दुकान टिकायला आसपास चालत येतील इतकी माणसं लागतात. मोठाल्या प्लॉटवर एकेकटे बंगले असतील तर त्या दुकानाला गिऱ्हाईकच पुरत नाही, ते बंद पडतं आणि मग सगळे गाडी काढून लांबच्या मॉलला जातात. म्हणून चालण्याजोगी वस्ती हवी असेल तर थोडी दाटी मान्य करावी लागते. मला ती दाटी आवडते सुद्धा, खाली उतरलं की चार माणसं दिसतात. स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळ वेलिंगब्यू नावाचं उपनगर १९५४ मध्ये सुरू झालं, ते कामाच्या जागा, घरं आणि मध्यवर्ती बाजार असं तिन्ही एकत्र धरून मेट्रोच्या स्टेशनभोवती बांधलं. स्टेशनजवळ उंच इमारती, लांब गेलं की ठेंगणी घरं. बांधतानाच ठरवलेलं असलं की हे जमतं.

इंटरनेटवर वॉक स्कोअर वगैरे असतं, २००७ पासून आहे, जागेला १०० पैकी गुण देतात, चालत जाण्याच्या अंतरात काय काय आहे त्यावरून, पाच मिनिटांतल्या गोष्टीला पूर्ण गुण आणि अर्ध्या तासाच्या पुढच्याला शून्य. पहिली चाळणी लावायला बरं आहे. पण त्या आकड्याला फुटपाथवरचा खड्डा दिसत नाही, रात्री बंद असलेला दिवा दिसत नाही, पावसात गुडघाभर पाणी साचणारा तो एक सखल भाग दिसत नाही. हल्ली पंधरा मिनिटांच्या शहराची चर्चा असते, कार्लोस मोरेनो यांनी २०१६ मध्ये मांडलेली आणि पॅरिसच्या महापौरांनी २०२० च्या निवडणुकीत उचललेली कल्पना, की रोजच्या गरजेचं सगळं पंधरा मिनिटांत हवं. मला ती मनापासून पटते, फक्त मी विचारते पंधरा मिनिटं कुणाची? माझ्या पंधरा मिनिटांत साधारण सव्वा किलोमीटरच्या जरा आत इतकं अंतर होतं. बाबांच्या पंधरा मिनिटांत सातशे मीटर, तेही मधे कुठे टेकायला मिळालं तर.

टेकायचं म्हणजे बाक. बाकाबद्दल कुणी घर बघताना बोलत नाही पण म्हातारं माणूस किती लांब जाईल हे गुडघ्याइतकंच बाकावर ठरतं. बाक, सावली, क्रॉसिंगपाशी फुटपाथला उतार, सार्वजनिक स्वच्छतागृह, या चार गोष्टी नसतील तर बाबांचं जग एका मजल्यापुरतं होईल. फुटपाथ दर गेटपाशी खाली उतरून परत वर चढत असेल तर तो चालणाऱ्यासाठी केलेला नाही, आत जाणाऱ्या गाडीसाठी केलेला आहे. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर निघायला साधारण १.८ मीटर रुंदी लागते, तेवढी असेल तर बाबागाडी ढकलणारी आई आणि काठीवाले आजोबा पण आरामात जातात. सिग्नलचा हिरवा माणूस किती वेळ राहतो ते घड्याळ लावून बघा. बरीच वर्षं सिग्नल बसवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरलं जायचं, अमेरिकेनं २००९ मध्ये तो आकडा १.०७ च्या आसपास खाली आणला. १५ मीटरचा रस्ता १.२ च्या चालीनं साडेबारा सेकंदांत होतो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या माणसाला पावणेएकोणीस सेकंद लागतात. मधले ते सव्वासहा सेकंद बाबा रस्त्याच्या मधोमध उभे असतात आणि समोर गाड्या निघायच्या तयारीत. मधे थांबायला बेटासारखी जागा असेल तर वेगळी गोष्ट, मग दोन टप्प्यांत जाता येतं.

आता शहर. नोकरी तिकडे आहे, त्यामुळे रोज जायला-यायला लागणार हे खरंच आहे. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये दाखवलं होतं की माणसं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या वाहनांनी, दिवसाचा साधारण तासभर प्रवासाला देत आली आहेत, वाहन वेगवान झालं की तासात जास्त लांब राहायला जातात. मला हे पटतं, पण त्या तासातली मिनिटं सगळी सारखी नसतात. दहा मिनिटं स्टेशनपर्यंत चालणं हे मी प्रवासात धरतच नाही. स्टीअरिंग धरून अडकलेली दहा मिनिटं वेगळी. आणि रेल्वे किंवा बस किती वेळानं येते हे ती किती वेगानं जाते याच्याहून महत्त्वाचं. अर्ध्या तासानं एक बस असेल तर सरासरी पंधरा मिनिटं नुसती वाट बघण्यात जातात आणि आपलं सगळं आयुष्य त्या वेळापत्रकाला बांधलं जातं, दर दहा मिनिटांनी असेल तर वेळापत्रक बघायची गरजच नाही, निघालं की मिळते. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री नऊनंतर किती वेळानं आहे तेही बघावं, कारण लेक मोठी झाल्यावर तेव्हाच परत येणार आहे.

एक खूण मला फार उपयोगी पडली, ती म्हणजे वस्ती कधी बांधली गेली. रेल्वेच्या किंवा ट्रामच्या काळातली जुनी उपनगरं बहुतेक वेळा चालायला चांगली निघतात, कारण तेव्हा लोकांकडे गाड्या नव्हत्या, स्टेशनवर उतरून सगळ्यांना पायीच घरी जायचं होतं, म्हणून दुकानं त्या वाटेवर आणि घरं त्याच्या आसपास. जपानमध्ये ओसाकाजवळ १९१० मध्ये कोबायाशी इचिझो यांनी रेल्वे टाकली आणि त्याच मार्गावर इकेदा इथं घरं बांधून हप्त्यानं विकली, म्हणजे गाडीला प्रवासी मिळतील आणि घराला गाडी. कोपनहेगननं १९४७ मध्ये ठरवलं की शहर हाताच्या पाच बोटांसारखं रेल्वेच्या मार्गांवरच वाढवायचं आणि बोटांच्या मधे मोकळी हिरवळ ठेवायची. जपानचं अजून एक मला फार आवडतं, १९६२ पासून तिथं बहुतेक भागांत गाडी घ्यायची तर आधी ती ठेवायला जागा आहे हे दाखवावं लागतं, रात्रभर रस्त्यावर लावून चालत नाही, त्यामुळे अगदी अरुंद गल्ल्यासुद्धा मोकळ्या राहतात आणि छोटी मुलं त्यातून शाळेत जातात, आपली आपण.

जागा बघायला जायचं तर एजंट सुट्टीच्या सकाळी बोलावतो, तेव्हा सगळंच छान दिसतं. मी शाळा सुटायच्या वेळी गेले, संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर गेले, पावसात गेले, अंधार पडल्यावर गेले. लेकीला पुढे चालायला सांगितलं आणि मी चार पावलं मागे, काही बोलायचं नाही, फक्त ती कुठे थांबते, कुठे मागे वळून माझ्याकडे बघते ते बघायचं. जिथं ती मागे वळून बघते तिथं त्या रस्त्यात काहीतरी गडबड आहे. बाबांबरोबर वेगळं, त्यांच्या चालीनं. आणि सगळ्यात मोठी पारख म्हणजे आजूबाजूला बघायचं की मोठ्यांशिवाय फिरणारी मुलं दिसतात का, एकटी म्हातारी माणसं दिसतात का. दिसत असतील तर त्या वस्तीनं परीक्षा आधीच दिलेली आहे. रात्रीचं बघताना खाली दुकानं किंवा खिडक्या रस्त्याकडे उघडतात का ते बघते, कारण लांबच लांब कोऱ्या भिंतीच्या कडेनं जायला दिवा कितीही मोठा असला तरी बाईमाणसाला बरं वाटत नाही.

या सगळ्याची किंमत आहे. चालण्याजोग्या जागा बहुतेक ठिकाणी महाग असतात आणि ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज त्यांना त्या परवडत नाहीत, हे मला अन्यायाचंच वाटतं, अशा वस्त्या इतक्या कमी बांधल्या म्हणूनच त्या महाग आहेत. आमच्यासमोर दोन जागा उरल्या होत्या. एक नवीन, खोल्या मोठ्या, दोन गाड्यांचं पार्किंग, बाहेर पडलं की चार लेनचा रस्ता. दुसरी जुनी इमारत, एक खोली कमी, लिफ्ट लहान, पण शाळा, बाग आणि स्टेशन अशा वाटेवर की मोठा रस्ता एकाच ठिकाणी लागतो आणि तिथं मधे थांबायला जागा आहे. नवऱ्याचं म्हणणं होतं की घरात आपण जास्त वेळ असतो तर घर मोठं असावं, आणि ते काही चुकीचं नाही, आम्ही बरेच दिवस यावर बोललो. शेवटी आम्ही दुसऱ्या गाडीचा विषय मांडला, पहिल्या जागी ती घ्यावीच लागणार होती, तिचा हप्ता, विमा, इंधन, दुरुस्ती, आणि ती चालवायला आमच्यापैकी कुणीतरी कायम बांधलेलं. तो खर्च घराच्या खर्चात मिळवल्यावर दोन्ही जागांतला फरक फारसा उरला नाही. आम्ही जुनी घेतली. एका खोलीची अडचण होते, लेकीचा अभ्यास आणि बाबांची दुपारची झोप एकाच खोलीत.

ज्यांचं अजून ठरायचंय त्यांनी एक काम जरूर करावं, स्थानिक प्रशासनाचा विकास आराखडा मागून बघावा. आज शांत असलेला समोरचा रस्ता आराखड्यात रुंद होणारा असेल, त्यावरून पूल जाणार असेल किंवा तो पुढे हायवेला जोडला जाणार असेल तर पाच वर्षांनी ती वस्ती दुसरीच होईल. शाळेत जागा आहेत का हेही आधीच विचारा, कारण चालत जायच्या अंतरावर शाळा असून तिथं प्रवेश मिळाला नाही तर पुन्हा रोजची ने-आण सुरू. आमच्या इथल्या एका क्रॉसिंगच्या कोपऱ्यावर अजून गाड्या लावतात, ते पार्किंग हलवावं म्हणून आम्ही काही शेजारी मिळून अर्ज केलाय, बाबांनी घरोघरी जाऊन सह्या गोळा केल्या, उत्तर अजून आलेलं नाही.